पोर्तुगालच्या प्रवासासाठी युरो कसे न्यावेत?

डिचोलीकर:
सर्वांना नमस्कार. चवथीनंतर मी आणि माझी पत्नी पंधरा दिवसांसाठी पोर्तुगालला जाणार आहोत. आमची भाची लिस्बनला राहते, त्यामुळे तिथे निवासाचा खर्च नाही. परंतु पोर्तो आणि कोइंब्रा येथील मुक्काम, रेल्वेची तिकिटे, जेवणखाण आणि थोडी खरेदी धरून साधारण 1,500 युरो लागतील असा आमचा अंदाज आहे. शेजारच्या कुटुंबाने फातिमाच्या तीर्थस्थानी त्यांच्या नावाने मेणबत्ती लावायला सांगितले आहे, तेव्हा तिकडेही जाऊ.

मी शाळेतून निवृत्त झालो असून माझा सारा व्यवहार पासबुक आणि रोख पैसे यांवरच चालत आला आहे. कळंगुटच्या एका चलन विक्रेत्याने ‘शून्य कमिशन’ सांगितले. आमच्या बँकेने कमी दर सांगितला, पण वर शुल्क आणि कर लावला. यांतले स्वस्त कोणते? सगळे युरो रोख न्यावेत की परकीय चलन आधीच भरून मिळणारे फॉरेक्स कार्ड घ्यावे? आणखी एक शंका अशी की, वडिलांच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतल्या एश्कुदोच्या काही नोटा आहेत. त्या तिकडे बदलून मिळतील का?

अंत्रुजकर:
सर, नमस्कार. मी फोंड्यात राहतो आणि बँकेच्या परकीय चलन विभागात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘शून्य कमिशन’ या शब्दांवरून काहीच ठरवू नका, कारण चलन विकणाऱ्याचा खरा नफा दरात असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारात युरो 100 रुपयांना आहे असे धरू. एखाद्याने तो 104 रुपयांना विकला आणि कमिशन घेतले नाही, तरी 1,000 युरोंमागे तुमचे 4,000 रुपये गेलेच. बँकेने 101.50 रुपयांचा दर लावून वर 200 रुपये शुल्क घेतले, तर तेच काम 1,700 रुपयांत होते. जीएसटी दोन्हीकडे लागतो आणि तो पूर्ण रकमेवर नसतो: एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का हे सेवेचे मूल्य मानून त्यावर 18 टक्के, म्हणजे पूर्ण एक लाखाला 180 रुपये. लोक त्या 180 रुपयांसाठी काउंटरवर हुज्जत घालतात आणि दरातले चार हजार न विचारता देऊन येतात. हे मी वारंवार पाहतो आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

म्हणून दर किती, शुल्क किती असे तुकड्यांत विचारू नका. ‘माझ्या हातात 500 युरो पडण्यासाठी माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ हा एकच प्रश्न एकाच सकाळी तुमच्या बँकेत आणि पणजीच्या अठरा जून रस्त्यावरच्या दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडे विचारा. दर दिवसातही बदलतो, त्यामुळे सोमवारच्या आकड्याची तुलना गुरुवारच्या आकड्याशी करून उपयोग नाही. दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर चलन घेण्याची वेळ मात्र येऊ देऊ नका. तिथला दर सहसा शहरातल्यापेक्षा महाग असतो.

1,500 युरोंपैकी 400 रोख आणि 900 फॉरेक्स कार्डावर घ्यावेत, उरलेल्या खर्चासाठी क्रेडिट कार्ड हाताशी ठेवावे, असे मी सुचवीन. फॉरेक्स कार्डावर भरतानाच दर ठरून जातो, त्यामुळे पुढे रुपया घसरला तरी भरलेल्या युरोंना झळ लागत नाही. क्रेडिट कार्डावर बँका परकीय व्यवहारासाठी साधारण 2 ते 3.5 टक्के अधिभार लावतात, 3.5 टक्क्यांवर जीएसटी धरला की तो 4.13 टक्के होतो. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नका, कारण त्यावर त्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. तसेच 2020पासूनच्या नियमांनुसार नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन आपणच सुरू करायचा असतो.

नोटांबद्दल सांगायचे, तर त्या बदलून मिळणार नाहीत. गोव्यातल्या एश्कुदोच्या नोटा ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ या वसाहतींसाठी चलन काढणाऱ्या बँकेच्या होत्या, आणि खुद्द पोर्तुगालच्या जुन्या एश्कुदो नोटा बदलून देण्याची मुदतही 28 फेब्रुवारी 2022 रोजी संपली. वडिलांची आठवण म्हणून त्या घरीच जपाव्यात.

मांद्रेची:
सर, मी गेल्या वर्षी लिस्बनला जाऊन आले. वरचे सगळे पटते, पण माझे खरे नुकसान गोव्यात झालेच नाही. ते तिथल्या एटीएमसमोर झाले. पर्यटकांच्या गर्दीच्या एका गल्लीत, एका खाजगी कंपनीच्या यंत्रात मी कार्ड घातले आणि 200 युरो मागितले. पडद्यावर आले की तुमच्या खात्यातून 19,800 रुपये जातील, हा दर निश्चित आहे, स्वीकारता का? ‘स्वीकारा’चे बटण मोठे आणि हिरवे होते, नकाराचे लहान आणि फिकट. आपल्या रुपयांतला आकडा पाहून मला हायसे वाटले आणि मी हिरवे बटण दाबले. त्या दिवशी युरो सुमारे 90 रुपयांना होता, म्हणजे 18,000 रुपयांचे चलन मी 19,800ला घेतले, आणि यंत्राचे शुल्क वेगळेच कापले गेले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हे आवर्जून सांगते: परदेशातल्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारले, की उत्तर नेहमी ‘युरोत’. रुपयांतले रूपांतर नाकारले म्हणजे पैसे मिळणार नाहीत असे वाटते, पण तसे नसते. व्यवहार पूर्ण होतो आणि कार्डाचा नेहमीचा दर लागतो. दुकानातही हाच प्रश्न येतो. वेटर किंवा विक्रेता कधीकधी आपल्याला न विचारताच रुपये निवडतो, म्हणून पिन टाकण्याआधी यंत्रावरचे चलन वाचा आणि रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला सांगा. पैसे काढायचेच असतील, तर बँकेच्या शाखेच्या भिंतीतले ‘मल्टिबांको’चे, म्हणजे तिथल्या बँकांच्या सामायिक एटीएम जाळ्याचे यंत्र शोधा.

रोख घेताना 10, 20 आणि 50 युरोंच्या नोटा मागून घ्या. 500 युरोंची नोट आता छापली जात नाही, आणि छोट्या दुकानात 200ची नोटही घेत नाहीत. काही लहान खाणावळींत केवळ तिथल्या स्थानिक बँकांची कार्डे चालतात, तिथे रोखच लागते. फातिमाला मेणबत्तीसाठी सुटी नाणी जवळ असू द्या.

डिचोलीकर:
आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. घरात काही रोख रक्कम आहे, ती देऊन युरो घेता येतील का? आणि परत आल्यावर युरो उरले तर काय करावे?

अंत्रुजकर:
सर, रोख रुपये देऊन 50,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचेच चलन घेता येते. चलन त्याहून जास्त किमतीचे असेल, तर सगळीच रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून वळती करून द्यावी लागते, म्हणून घरातली रक्कम आधी बँकेत भरणे बरे. पॅन कार्ड, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट सोबत न्या. चलन प्रवासाच्या 60 दिवस आधीपासून घेता येते. नोटांच्या स्वरूपात बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला 3,000 अमेरिकी डॉलरइतकी मर्यादा आहे, तुम्ही तिच्या बरेच आत आहात. एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत घेतलेल्या चलनावर विक्रेता टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकरही घेत नाही. सहलीचे पॅकेज घेतले तर नियम वेगळा आहे.

परत आल्यावर 2,000 डॉलरइतक्या मूल्याच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात, त्यावरच्या 180 दिवसांच्या आत विकाव्या लागतात. नाणी इथे सहसा कोणी घेत नाही, ती तिथेच संपवा. कार्डावर शिल्लक राहिली तर ती काढून घेण्याचा अर्ज लगेच करा. बऱ्याच कार्डांवर वापर न झाल्यास ठरावीक काळानंतर शुल्क लागू होते.

एक गोष्ट राहिली. ओटीपी भारतीय मोबाइल क्रमांकावर येतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या सिमवर रोमिंग सुरू करून घ्या. आणि एक कार्ड तुमच्याकडे, दुसरे काकूंच्या पर्समध्ये ठेवा, म्हणजे पाकीट हरवले तरी रेल्वेचे तिकीट काढता येईल.