जुन्या रीझलिंगला रॉकेलचा वास येतोय, बिघडली का?

सायली_माइंझ:
मंडळी, 2013 मध्ये आम्ही जर्मनीत माइंझला आलो. त्याच वर्षी बेर्नकास्टलच्या एका बागायतदाराकडून 2011 च्या रीझलिंग श्पेटलेझेच्या (रीझलिंग द्राक्षं उशिरा तोडून केलेली पांढरी वाइन) सहा बाटल्या घेतल्या. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराला एक खण मिळतो, तिथे आडव्या ठेवल्या. पहिली लगेच उघडली होती: जवळजवळ पाण्यासारखी, किंचित हिरवट, हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास, छान गोड.

काल बाबा पुण्याहून आले म्हणून दुसरी काढली. रंग करडईच्या तेलासारखा. पेला नाकाशी नेला आणि बाबा म्हणाले, "अगं, याला रॉकेलचा वास येतोय!" खरंच येत होता, रेशनवरून आणलेला डबा उघडल्यावर यायचा तसा. बुचाच्या आतल्या बाजूला काचेच्या चुऱ्यासारखे खडे, आणि गोडीही उतरल्यासारखी. बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली आहे, ओतून द्यायला मन होत नाही. उरलेल्या चार टाकायच्या का?

मोझेलकाठ:
सायलीताई, हात जोडून सांगतो, एकही टाकू नका. ज्या वासाने तुम्ही दचकलात त्याची मी दहा-दहा वर्षं वाट बघतो.

ते रॉकेल बाहेरून आलेलं नाही. द्राक्षात कॅरोटिनॉइड असतात, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातले. ते मोडले की त्यांचे तुकडे साखरेला चिकटून बिनवासाचे बसून राहतात. वाइनच्या आंबटपणात ते वर्षानुवर्षं हळूहळू सुटे होतात आणि त्यातून टीडीएन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याचाच हा वास. रीझलिंगमध्ये हे बाकीच्या जातींपेक्षा खूपच जास्त, आणि घडांवर ऊन जास्त पडलं असेल तर आणखी.

खडे म्हणजे टार्टारिक आम्लाचे क्षार. चिंचेत असतं तेच आम्ल, थंडीत खाली बसतं. खुशाल गाळून घ्या. साखर म्हणाल तर मोजली तरी तेवढीच भरेल, जिभेला मात्र वयाबरोबर कमी लागते.

माझ्याकडे एकाच उतारावरच्या 2001 च्या बारा बाटल्या होत्या. पहिली दोन वर्षं नुसतं फळ. पाचव्या वर्षी उघडली तर मुकी: फळ गेलेलं, मध अजून आलेला नाही. उरलेल्या वाटून टाकायला निघालो होतो, बायकोने अडवलं. अकराव्या वर्षी तिनेच एक वर आणली. मध, सुकं जर्दाळू, भाजलेल्या पावाची कड, आणि या सगळ्याच्या मागे लांबून रॉकेल. आंबटपणा तसाच ताठ. त्या संध्याकाळी आम्ही जेवायचं विसरलो.

आज ती बाटली फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा, मोठ्या पेल्यात ओता आणि पाऊण तास हात लावू नका. खरोखर बिघडलेली असेल तर कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येईल, रंग तपकिरी असेल, चव सपाट. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, वयाचा नव्हे.

पिंपळगावकर:
हे सगळं थंड तळघराचं झालं. नाशिकला वाचणाऱ्यांनी घरी हा प्रयोग करू नये, कळकळीने सांगतो. आमच्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. इथली शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन बहुतेक ताजी प्यायलाच केलेली असते, एक-दोन वर्षांत संपवावी. मी एक सोव्हिन्यों बैठकीच्या कपाटात ठेवली होती. दोन उन्हाळे गेले. तिचा तो सुंदर पेरूचा वास पार गेला, रंगावर तपकिरी झाक आली. मधबिध काही नाही. उकाड्यात वाइन मुरत नाही, नुसती थकते.

सायली_माइंझ:
मोझेलकाठ, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिला घोट बाबांनी घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जांभळाच्या मधासारखं काहीतरी आहे यात." रॉकेल आहे, पण मागे सरलंय. उरलेली बाटली आम्ही दोघांनी संपवली.

तळघरात थर्मामीटर टांगला आहे, आत्ता 13 दाखवतोय. जुलैत 19-20 पर्यंत चढत असेल, कारण आमच्या खणाजवळून गरम पाण्याचा पाइप जातो. उरलेल्या चार पलीकडच्या भिंतीशी हलवल्या तर पुरेल, की दुसरी जागा शोधू?

मोझेलकाठ:
पाइपापासून आधी लांब करा, आजच. उत्तरेकडची भिंत असेल तर तिथे, जमिनीलगत.