मदत हवी आहे: बोफोर्सवर आपल्याच देशाविरुद्ध बोलायचंय

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. अवघड जागेचं दुखणं आहे, म्हणून इथे विचारतोय.

आमचा सात-आठ जणांचा ऑनलाइन वाचनगट आहे, वेगवेगळ्या देशांतले लोक. गेल्या बैठकीत बोफोर्सचा, म्हणजे भारताने या स्वीडिश कंपनीकडून घेतलेल्या तोफांमधल्या लाचेचा विषय निघाला. गटात एक स्वीडिश बाई आहेत, निवृत्त शिक्षिका, एरवी फार शांत. त्या म्हणाल्या, "भारतात पैसे चारल्याशिवाय कंत्राट मिळत नाही हे आमच्या कंपन्यांना ठाऊक होतं, त्या तरी काय करणार?" मी ताडकन म्हटलं, "चारणारा हात कोणाचा होता?" मग तासभर जुंपली. शेवटी संयोजकाने तोडगा काढला की पुढच्या वेळी दोघांनी बाजू बदलायच्या. त्यांनी स्वीडनला दोषी धरायचं, मी भारताला. प्रत्येकी १५ मिनिटं.

त्या वेळी हसत हो म्हणालो. आता घाम फुटलाय.

त्यांची बाजू मला आयती दिसते. मार्च १९८६ मध्ये ४१० हॉवित्झर तोफांचा सुमारे १,४३७ कोटींचा करार झाला. मध्ये दलाल नको ही भारताची अट होती आणि कंपनीने ती मान्य केली होती. एप्रिल १९८७ मध्ये खुद्द स्वीडिश रेडिओनेच लाचेची बातमी फोडली. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने पैसे दिले गेल्याचं मान्य केलं, पण अहवालातला कळीचा भाग बँकेच्या गोपनीयतेचं कारण सांगून झाकून ठेवला. कंपनी म्हणाली, ही दलाली नव्हेच, एजंटांबरोबरचे जुने करार मोडल्याची भरपाई आहे. (ही 'भरपाई' मला फार आवडते. करार मोडला म्हणून कोट्यवधी देणारी कंपनी शोधायला हवी.) तिथल्या सरकारी वकिलाने सुरू केलेली चौकशी काही महिन्यांतच गुंडाळली गेली. शिवाय त्याच सुमारास हीच कंपनी सिंगापूरच्या नावाखाली दुबई-बहारीनला क्षेपणास्त्रं पोचवल्याच्या प्रकरणातही अडकली होती. बाईंनी एवढं नुसतं वाचून दाखवलं तरी त्यांची १५ मिनिटं भरतील.

आणि मी? 'भारत दोषी' म्हणायला जातो आणि हातात काय येतं? 'आपल्याकडे हे असंच चालतं.' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आणि म्हणत आलोय. पण तो पुरावा नाही, उसासा आहे. ६४ कोटींच्या लाचेचा आरोप झाला, पण ती घेतली म्हणून न्यायालयात कोणावरही दोष सिद्ध झाला नाही. मग मी देशाला कशाच्या आधारावर दोषी धरू? आणि 'देश' म्हणजे नेमकं कोण? मतदारांनी तर १९८९ मध्ये काँग्रेसला चारशेच्या वरून १९७ जागांवर आणून हिशेब चुकता केला होता.

राजीव गांधी दोषी की निर्दोष यावर इथे भांडू नका, हात जोडतो. मला फक्त प्रामाणिकपणे बोलता येईल असा मुद्दा हवाय.

कोरडा_पाऊस

तोफ मात्र एक नंबर होती. कारगिलला तिनेच तारलं.

पाटीपेन्सिल

@कोरडा_पाऊस, मान्य. तोफेवर आरोप नाहीच आहे. :)

जुनी_रद्दी

पाटीपेन्सिल, तू चुकीच्या ठिकाणी खणतोयस. 'कोणी घेतले' हा प्रश्न धरलास तर पुराव्याअभावी आपटशील. 'कळल्यावर काय केलं' हा धर. तिथे कागद आहेत, तारखा आहेत, आणि एकही तारीख स्वीडनची नाही.

सगळ्यात आधी १९९२. माधवसिंह सोळंकी परराष्ट्रमंत्री होते. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेले असता त्यांनी स्विस परराष्ट्रमंत्र्यांना एक चिठ्ठी दिली. मजकूर असा की भारतातल्या तपासात काही दम नाही, तेव्हा मदत थांबवली तरी चालेल. एकीकडे सीबीआय स्वित्झर्लंडकडे बँकेची कागदपत्रं मागतेय आणि दुसरीकडे भारताचाच मंत्री देऊ नका म्हणून सांगतोय! बाहेर फुटल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. चिठ्ठी कोणाच्या सांगण्यावरून दिली, हे आजतागायत बाहेर आलं नाही.

मग १९९३. दलाली घेतल्याच्या आरोपात क्वात्रोकी या इटालियन व्यावसायिकाचं नाव चर्चेत होतं आणि तो जुलैमध्ये आरामात देश सोडून गेला. स्विस कागदपत्रांची पेटी भारतात पोचली जानेवारी १९९७ मध्ये. आरोपपत्र ऑक्टोबर १९९९. म्हणजे १९९० च्या जानेवारीत गुन्हा नोंदवला, त्याला साडेनऊ वर्षं उलटून गेली. तोवर राजीव गांधी हयातही नव्हते.

आणि २००६ तर वाचून डोकं धरशील. क्वात्रोकीची लंडनमधली गोठवलेली खाती मोकळी झाली, कारण भारताच्याच एका विधी अधिकाऱ्याने तिथे जाऊन या पैशाचा बोफोर्सशी संबंध दाखवता येत नाही असं कळवलं. पैसे निघून गेले. यात स्वीडनचा संबंध काय? शून्य.

पाटीपेन्सिल

@जुनी_रद्दी, दावोसच्या चिठ्ठीबद्दल अर्धवट ऐकलं होतं, पण अशी ओळीत मांडलेली गोष्ट वेगळीच दिसते. सुरुवात तिथूनच करतो.

एक शंका. बाईंनी विचारलं की मंत्र्याने चिठ्ठी दिली, मग देश कसा दोषी? तर?

तिसरी_घंटा

मंत्र्याने चिठ्ठी खाजगी म्हणून दिली नव्हती, भारताचा परराष्ट्रमंत्री म्हणून दिली होती. तिच्यामागे पदाचं वजन होतं. स्वित्झर्लंडने ती भारताची इच्छा मानली असती तर आपण त्यांना नावं ठेवू शकलो असतो का? म्हणजे 'देश' हा शब्द लोकांना लावायचा नाही, ज्यांना देशाच्या नावाने सही करायचा अधिकार होता त्यांना लावायचा.

हाच गज स्वीडनलाही लाव. बोफोर्सच्या कार्लस्कोगाच्या कारखान्यातल्या कामगाराने लाच दिली नाही, त्याने तोफेची नळी घासली. पण त्याच कामगारांच्या नोकऱ्या पुढे करून तिथल्या सरकारने ही निर्यात जोरात पुढे रेटली. तिथले पंतप्रधान पाल्मे जगात शांततेबद्दल बोलत होते आणि तोफा विकायलाही मदत करत होते, हे कोडं स्वीडिश लोकांनाही सुटलेलं नाही. सहानुभूती म्हणून सांगते, त्या बाईंचंही काम तुला वाटतं तेवढं सोपं नसेल.

अगंबाई

थोडं वेगळं. कायद्याची बाजू दोघांनाही उपयोगी पडेल. त्या काळी बहुतेक श्रीमंत देशांत परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं हा गुन्हाच नव्हता. अमेरिकेने लॉकहीड या विमान कंपनीच्या लाचेच्या प्रकरणात हात पोळल्यावर १९७७ मध्ये कायदा केला, बाकीचे स्वस्थ बसले. जर्मनीत तर असा खर्च करातून वजा करता येत असे! ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा लाचविरोधी करार झाला डिसेंबर १९९७ मध्ये आणि लागू झाला १९९९ मध्ये. म्हणजे १९८६ मध्ये घेणारा भारतात गुन्हेगार ठरत होता, देणाऱ्याला मात्र आपल्या देशात फारसं भय नव्हतं. एकाच व्यवहारातले दोन हात, कायदा एकाच हाताला. तुझ्या विरोधात जाणारा मुद्दा आहे, पण बाई तो काढणारच. तयारीत राहा.

जुनी_रद्दी

@अगंबाई बरोबर. पण उत्तर तयार आहे. कायदा नव्हता हे स्वीडनचं निमित्त झालं. भारतात कायदा होता, संस्था होत्या, संयुक्त संसदीय समिती होती, आणि तरी १९८८ मध्ये समितीने कंपनीची 'भरपाई'वाली गोष्ट जवळपास जशीच्या तशी स्वीकारली. ज्याच्याकडे हत्यार होतं आणि ज्याने ते वापरलं नाही, त्याचा दोष मोठा. हे वाक्य घे, उसने देतो.

आणखी एक. ज्या स्वीडिश पोलीस अधिकाऱ्याने कागद पत्रकारांपर्यंत पोचवले, स्टेन लिंडस्ट्रॉम, तो २०१२ मध्ये स्वतःचं नाव घेऊन पुढे आला. राजीव गांधींनी लाच घेतल्याचा पुरावा नव्हता, पण झाकाझाक होत असताना त्यांनी काही केलं नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंना हा माणूस आठवून दे. त्यांनाही अभिमान वाटेल असा एक माणूस त्यांच्या बाजूला आहेच.

कोरडा_पाऊस

मी गमतीत तोफेचं म्हणालो होतो, पण त्यातही एक मुद्दा आहे बघ. कंपनी काळ्या यादीत टाकली आणि नंतर सुट्या भागांसाठी आपलीच गैरसोय झाली. करारात तोफेचे आराखडेही मिळाले होते. ते वर्षानुवर्षं धूळ खात पडले आणि त्यावर आधारलेली 'धनुष' सैन्याला मिळाली २०१९ मध्ये. घोटाळा झाला म्हणून तोफा बनवणंच टाळलं. हाही भारताच्याच खात्यात जातो की.

पाटीपेन्सिल

@कोरडा_पाऊस, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, घेतलंच.

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: दावोसने सुरुवात, मग १९९३, १९९७ आणि २००६, मध्ये संसदीय समिती, शेवटी धूळ खाणारे आराखडे. लाच कोणी घेतली याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. न्यायालयातून दोन निकाल आले आहेत (२००४ आणि २००५) आणि त्यांच्यापुढे जायची माझी लायकी नाही.

एक अडचण उरलीच आहे. बैठक इंग्रजीत असते. 'आपल्याकडे' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणू? तो उसासा पोचायला हवा, नाहीतर सुरुवातीलाच तो का टाकून देतोय हे कोणाला कळणार नाही.

तिसरी_घंटा

'इन आवर कंट्री' म्हणून बघ आणि मध्येच थांब. स्वीडिश बाईंनी 'आमच्याकडेही' म्हटलं तर पोचला समज.

पाटीपेन्सिल

शनिवारी बैठक आहे. वृत्तांत इथेच टाकतो.