मदत हवी आहे: कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडून खातायत

नमस्कार मंडळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला घर आहे, परसात गावरान आणि गिरिराजा मिळून दहा-बारा कोंबड्या. खाणं म्हणजे मक्याचा भरडा, तांदळाची कणी. पावसाची झड लागल्यापासून अंड्यांचं कवच पापुद्र्यागत येतंय, आणि खुराड्यात जाईपर्यंत नुसता ओला बलक उरतो. राणीखेतची लस दिलेली आहे, खातात-पितात नीट.

अंडी घालणाऱ्या कोंबडीला रोज साधारण ४ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणून शिंपल्यांचा चुरा आणलाय. घोळ पुढे आहे. खुडूक बसलेलीनं नुकतीच पिल्लं काढलीत, सगळी एकाच खुराड्यात, आणि एवढं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतं. आईसकट डालग्याखाली ठेवली तर ती गल्ली डोक्यावर घेते. चुरा उंचावर टांगून कुणी दिलाय का? की संध्याकाळी वेगळा द्यावा?

दुसरं, अंडी खायची खोड मोडते का? घरट्यात खोटं अंडं म्हणून गारगोटी ठेवायचा विचार आहे. चोचीला पिवळं लागलेली एकच दिसते, पण बाकीच्या तिचं बघून शिकल्या असतील तर तिला वेगळं काढून काय उपयोग? सासूबाईंचा उपाय तयार आहे: रविवारी तांबडा-पांढरा. त्याआधी काही सुचत असेल तर सांगा.