मदत हवी आहे: आयपीएमधला बटरचा वास नेमका कशाचा?

मंडळी, पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात; नाव घेत नाही) आयपीए म्हणजे इंडिया पेल एल ही हॉप्सचा वास-कडवटपणा जास्त असलेली बिअर प्यायलो, बोर्डावर अमेरिकन आयपीए, ६.५ टक्के अल्कोहोल, ६० आयबीयू (कडवटपणाचं माप) असं लिहिलेलं. रंग मस्त, फेसही छान टिकला, कडवटपणा पण बरोबर होता, पण नाकाशी नेलं की सिट्रा, सिम्को वगैरे हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) जो संत्र्या-आंब्यासारखा वास यायला हवा तो जवळपास नाहीच, उलट बटरवाल्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर जरा तेलकट बुळबुळीतपणा. ग्लास थोडा गरम होऊ दिला तर वास अजूनच वाढला, म्हणून मला डायअॅसिटिलचा (आंबवताना तयार होणारं, बटरसारख्या वासाचं संयुग) संशय येतोय. तिथला माणूस म्हणाला, हा वास इंग्लिश स्टाईलच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) आहे. आता इंग्लिश बिअरमध्ये थोडं डायअॅसिटिल चालवून घेतात हे खरं, पण मग बोर्डावर अमेरिकन कशाला?

मी वाचलंय की ड्राय हॉपिंगनंतर (वासासाठी थंड बिअरमध्ये न उकळता हॉप्स टाकणं) हॉप्समधल्या एन्झाइम्समुळे पुन्हा थोडी साखर सुटते, यीस्ट परत कामाला लागतं आणि तेव्हा डायअॅसिटिल वाढू शकतं. इथे तसंच झालं असेल का, की टॅपची लाईनच अस्वच्छ? लाईन अस्वच्छ असेल तर आंबटपणा पण जाणवायला हवा ना, तो अजिबात नव्हता.

जे घरी ब्रू करतात किंवा जजिंग करतात त्यांनी प्लीज सांगा, कॅरॅमल माल्टचा गोडवा आणि डायअॅसिटिल ग्लासमध्येच वेगळं कसं ओळखता? ब्रूअरला भेटून नीट फीडबॅक द्यायचाय, बाकी बिअर खरंच चांगली आहे त्यांची.