वाचनकट्ट्यावर चित्रांची पुस्तकं?

अण्णा २०४: कमिटीला नम्र विचारणा. गणपतीच्या शिल्लकीतले ६,००० रुपये वाचनकट्ट्याला दिले ते कादंबऱ्यांसाठी. आज कपाट उघडलं तर आतमध्ये सगळी चित्रांची पुस्तकं. कोणाला विचारून आणली?

सेक्रेटरी: अण्णा, मीटिंगमध्ये विषय झाला होता. तुम्ही पार्किंगवरून उठून गेलात.

अण्णा २०४: का उठलो ते सगळ्यांना माहीत आहे. उगाच तोंड उघडायला लावू नका. कादंबऱ्या कुठे आहेत?

४०२ वहिनी: शनिवारी टाकी सफाई. ११ ते ४ पाणी नाही. भरून ठेवा 🙏

आर्यनची आई ६०३: अण्णा, यादी मी केली होती, म्हणून मीच सांगते. या कादंबऱ्याच आहेत, फक्त चित्रांतून सांगितलेल्या. बऱ्याचशा ऐतिहासिक. काळ खरा, त्यातली काही माणसं लेखकाने घडवलेली.

अण्णा २०४: म्हणजे इतिहासात भेसळ. मुलांना खरं काय नि खोटं काय कळणार कसं?

७०१ दादा: अण्णा, अमर चित्र कथा वाचून आमची आख्खी पिढी मोठी झाली. अनंत पैंनी १९६७ ला सुरू केली. त्यातूनच तर आम्ही इतिहासाकडे वळलो.

३०३: वळलात आणि दहावीला इतिहासात किती पडले? 😄

७०१ दादा: तुझ्या गाडीपेक्षा सरळ लागले. कालही माझ्या जागेत तिरकी उभी होती.

सेक्रेटरी: पार्किंग इथे नको. हात जोडतो.

अण्णा २०४: ६,००० चा हिशेब.

आर्यनची आई ६०३: हिशेब उद्या नोटीस बोर्डवर लावते. भेसळीचं मात्र आत्ताच बोलते, कारण ते मला लागलं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत राजाच्या मनातले विचार लेखक लिहितोच ना? ते कुठल्या बखरीत असतात? चित्रकाराचं काम तर त्याहून अवघड. लेखक 'तो चाळीत शिरला' म्हणून पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला ती मुभा नाही. जिन्याचा कठडा लाकडी की लोखंडी, कंदील कुठे टांगलेला, पायात वहाणा आहेत का, सगळं शोधून काढावं लागतं.

माझ्याकडे जेसन लूट्सचं 'बर्लिन' आहे (मोठ्यांचं आहे, कट्ट्यावर ठेवलेलं नाही). १९९६ ला सुरू केलं, २०१८ ला पुरं झालं. गोष्ट १९२८ ला सुरू होते. त्यातला पत्रकार आणि चित्रकला शिकायला आलेली मुलगी काल्पनिक, शहर खरं. पुढे हिटलर येणार हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं. ती दोघं कॉफी पितात, गप्पा मारतात, प्रेमात पडतात आणि वाचताना आपल्या पोटात गोळा येतो. सनावळ्या पाठ करून मला असं कधी झालं नाही.

४०२ वहिनी: शनिवार टाकी सफाई, ११ ते ४. मागच्या वेळी सांगूनही तिघांनी मला फोन केले होते.

५०१ ताई: मी 'भीमायन' घरी नेलंय. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची गोंड चित्रं. बाबासाहेबांचं चरित्र आहे, म्हणजे काल्पनिक नाही. पण अण्णा, त्यात अपमानाचे बोल ज्या फुग्यात आहेत त्याला विंचवाची नांगी आहे, आणि गोड बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. माझ्या लेकीने न विचारता ओळखलं. गोदीच्या स्फोटावरची ती वही पण भारी आहे हं.

अण्णा २०४: कसली वही?

आर्यनची आई ६०३: आर्यनची. ही पुस्तकं वाचून तो स्वतःच काढायला लागलाय. १४ एप्रिल १९४४, मुंबईची गोदी. जहाज फोर्ट स्टिकीन, पोटात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोनं. बंबवाले आग विझवत असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट. हे सगळं खरं. बाळू नावाचा हमाल त्याच्या मनातला. शेवटच्या पानावर तसं लिहिलंय त्याने. हे एक पान टाकते.

[फोटो]

आर्यनची आई ६०३: बाळू धक्क्यावर भाकरी सोडतोय. मागच्या घड्याळात पावणेदोन. पानावर एक शब्द नाही.

३०३: बाप रे. माझी गाडी काढतो, ७०१.

४०२ वहिनी: फोटोमुळे माझा मेसेज वर गेला. शनिवार, ११ ते ४.

अण्णा २०४: माझे वडील गोदीत टॅली क्लार्क होते. त्या दिवशी कामावरच होते. तिसऱ्या दिवशी घरी आले, अंगभर काजळी. आईने आधी ओळखलंच नाही. नंतर जन्मभर दिवाळीत फटाके वाजले की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आम्हा मुलांना वाटायचं, आवाजाचा त्रास होतो.

५०१ ताई: अण्णा, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत.

अण्णा २०४: कोणी विचारलं नाही.

अण्णा २०४: आर्यनने हमालाच्या पायात बूट काढलेत. वडिलांच्या पाळीतले हमाल अनवाणी असायचे, ते सांगायचे. उद्या सकाळी ९ ला पाठव त्याला. वही घेऊन.

आर्यनची आई ६०३: सकाळी शाळा आहे अण्णा. संध्याकाळी ६ ला पाठवते.

अण्णा २०४: चालेल. खोडरबर आणायला सांग.