मदत हवी आहे: जुन्या डायव्हिंग कॉम्प्रेसरच्या हवेतली ओल कशी काढावी?

नमस्कार मंडळी, मालवणला आमच्याकडे डायव्हिंगचे सिलिंडर भरायचा २०० बार दाबाचा जुना पेट्रोल कॉम्प्रेसर आहे. अलीकडे भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेला तेलकट वास येतोय आणि फिल्टरचं काडतूस फार लवकर ओलं होतंय. इथली हवाच दमट. ३० अंशांना संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळपास ३० ग्रॅम पाणी असतं, आणि श्वसनाच्या हवेत २०० बारला मर्यादा आहे फक्त ५० मिलिग्रॅमची!

सेपरेटरचा (हवेतलं पाणी-तेल वेगळं करणाऱ्या भांड्याचा) ड्रेन हातानं उघडतो, पण या यंत्राला प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्हच (ठरावीक दाब होईपर्यंत हवा फिल्टरमध्ये अडवून ठेवणारा) नाही. म्हणजे रिकामा सिलिंडर भरताना सुरुवातीला फिल्टरमधून कमी दाबाची, जास्त ओली हवा जात असणार. फिल्टरनंतर १५० बारच्या आसपासचा व्हॉल्व्ह कुणी नंतर बसवून घेतलाय का? जुन्या फिल्टर टॉवरला (काडतूस बसतं त्या नळकांड्याला) तो दाब सतत झेपेल हे कसं तपासलंत?

दुसरं, काडतुसात आधी मॉलेक्युलर सीव्ह (ओल शोषणारे दाणे), मग सक्रिय कोळसा आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठी हॉपकलाइट (त्याचा कार्बन डायऑक्साइड करणारा उत्प्रेरक) घालायचंय. ते ओलाव्यानं निकामी होतं, म्हणून सीव्हनंतरच हवं, एवढं पक्कं. पण कोळशाच्या आधी की नंतर? वासावरून मोनॉक्साइड कळत नाही, त्यामुळे हवेची तपासणी होईपर्यंत भरणं बंद ठेवलंय. कोकणात किंवा गोव्यात अशी तपासणी कुठे होते?