घास अडकला तर नक्की काय करायचं? आणि सीपीआर (छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रयत्न) कुठे शिकवतात?

चहाबाज:
परवा बारशाच्या पंगतीत काकांना जिलबी खाताना हसू आलं न् घास अडकला. आधी कुणाला कळलंच नाही, आवाजच नाही ना, नुसता गळ्याला हात आणि डोळे मोठे. मग एकदम गोंधळ, कोणी टाळूवर टपल्या मारतंय, कोणी "वर बघा, वर बघा", आत्या पाण्याचा तांब्या घेऊन धावली. शेवटी भाच्याने वाकवून पाठीत हाणलं तेव्हा तुकडा बाहेर पडला. मी हातात मठ्ठ्याचा जग धरून उभा. तेव्हापासून झोप नाही नीट.

नाईट_ड्युटी:
भाचा शहाणा आहे. नर्स आहे म्हणून सांगते, माणूस जोरात खोकत असेल तर खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाज, खोकला बंद झाला की पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ दणके, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत-वर ५ झटके, आलटूनपालटून. पाणी अजिबात नको, वर बघणं तर नकोच नको. गरोदर बाईला किंवा वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके नाहीत, छातीवर. आणि न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, आणखी आत जाते. पोटावर झटके दिले असतील तर नंतर डॉक्टरांना दाखवाच.

दमलेला_बाबा:
आणि बेशुद्ध पडला तर?

नाईट_ड्युटी:
जमिनीवर झोपवा, एकाने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर, दुसऱ्याने सीपीआर सुरू.

सोसायटी_सेक्रेटरी:
आमच्याकडे शिकवायला सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या प्रथमोपचार संस्थेच्या लोकांना बोलावलेलं, रेड क्रॉसचेही कोर्स असतात, चौकशी करा. व्हिडिओ बघून वाटतं सोप्पंय पण सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवल्यावर कळतं, छाती ५ सेंमी तरी दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. मी दीड मिनिटात घामाघूम, कोपर वाकायला लागले, म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. तोंडाने श्वास द्यायला नको वाटत असेल तर नुसतं दाबत राहा. अजून एक, हृदय बंद पडल्यावर माणूस मधूनच आचके देतो, त्याला लोक "श्वास चालू आहे" समजतात आणि थांबतात. तो श्वास नव्हे.

चहाबाज:
बरगडी मोडली तर?

सोसायटी_सेक्रेटरी:
मोडते कधीकधी. जुळते नंतर. दाबायचं थांबवायचं नाही.

चहाबाज:
ओके. आत्यालाही घेऊन येतो कोर्सला, तांब्या घरी ठेवून.